थॅचरबाईंचा कायदा आणि मयेची सनद

मार्गारेट थॅचर यांचे नाव निघाले की आपल्याकडे कामगार चळवळीतले लोक कपाळाला आठ्या घालतात, तर खाजगीकरणाचे पुरस्कर्ते त्यांना डोक्यावर घेतात. १९८४-८५ चा खाण कामगारांचा संप त्यांनी ज्या कठोरपणे मोडून काढला, त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण त्यांच्या विचारातील एक गोष्ट मयेकरांनी तरी समजून घ्यावी.

१९८० च्या कायद्याने त्यांनी नगरपालिकांच्या घरांतील भाडेकरूंना ती घरे विकत घेण्याचा हक्क दिला. तीन वर्षे राहिलेल्यांना ३३ टक्के सवलत, जुन्यांना ५० टक्क्यांपर्यंत. स्वतःच्या घरात राहणारा माणूस सरकारी बाबूपुढे हात जोडत नाही, हा त्यामागचा विचार. (शिवाय तो मतेही देतो, हे बाईंना पक्के ठाऊक होते!)

बाबूपुढे हात जोडणे काय असते, हे मयेला कोणी शिकवायला नको. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि १९६४ च्या कायद्याने इथल्या पोर्तुगीज कोंदची जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनकडे गेली. भाटकार गेला, पण सरकारच भाटकार होऊन बसले. १९७५ मध्ये गोव्यात मुंडकार कायदा आला, तरी मयेकर पिढ्यान् पिढ्यांच्या घरात परकेच राहिले. मालकीचा कागद नाही म्हणून बँक कर्ज देईना. अखेर २०१४ मध्ये जुने मालकीहक्क रद्द करणारा कायदा झाला, त्यानंतर सनदा मिळू लागल्या. मुक्तीनंतर अर्धशतक उलटल्यावर!

म्हणून आमचे म्हणणे असे की घर आणि कसलेली जमीन पूर्ण मालकीने द्यावी. अर्ध्यामुर्ध्या हक्काची, अटींनी बांधलेली सनद म्हणजे कस्टोडियनचेच नवे रूप.

मात्र ब्रिटनचा पुढचा अनुभवही विसरता येत नाही. विकलेल्या घरांच्या जागी पुरेशी नवी घरे बांधली गेली नाहीत, आणि पुढे त्यांतली कितीतरी घरे खाजगी घरमालकांच्या हाती जाऊन चढ्या भाड्याने दिली गेली. बाजार मोकळा सोडला की तो गरिबाच्या दारात थांबत नाही. मयेला तळे आहे, पर्यटक आहेत, तेव्हा दलालही येणारच. गुरांची चरण, झरी, देवळाच्या वाटा या कोणा एकाच्या सनदेत जाता कामा नयेत. त्यांची वेगळी यादी करून ती पंचायतीच्या फलकावर लावावी, असा ठराव येत्या ग्रामसभेत सभासदांनी मांडावा.