वाडा पाडण्याआधी



अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला तुम्ही गेलाच असाल. तिथल्या राजघराण्याचे मूळ एका पाटलाच्या घरात आहे. १७०७ साली मोगलांच्या कैदेतून सुटून येणाऱ्या शाहू महाराजांना पारद गावी लोखंडे पाटलांनी अडवले. लढाईत पाटील पडले. त्यांच्या पत्नीने लहानगा राणोजी महाराजांच्या पायांवर घातला. महाराजांनी त्याला पदरात घेऊन फत्तेसिंह भोसले हे नाव दिले. पुढे त्याला अक्कलकोट मिळाले. ते संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले.

राजवाड्याची काळजी घ्यायला वारस असतात. मला काळजी आहे ती आपल्या पाटील-देशमुखांच्या वाड्यांची. शेतीखात्याच्या माणसाने घरांत का डोकवावे, म्हणाल. पण गावात गेलो की आमची सतरंजी पडते ती वाड्याच्या ओसरीवरच!

दिंडीदरवाजा, देवडी, मधे चौक, चौकाभोवती सोपे. दगडी जोत्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर फळ्या, पाला आणि पांढरीच्या मातीचे माळवद. सोलापूरच्या वैशाखात या माळवदाखाली जी झोप लागते ती स्लॅबखाली लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसे दगडमातीखाली गेली, आणि लोकांनी जुन्या घरांचा धसकाच घेतला. तो खोटा नाही. पण दोष कुठे होता तेही पाहा. गोल दगड मातीत रचलेल्या, रुंद भिंती. आतला थर आणि बाहेरचा थर यांना बांधणारे आरपार लांब दगड नाहीत. वर दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून फुगलेले माळवद. जिथे छताचा भार भक्कम खांब-तुळयांवर होता, तिथे भिंती ढासळूनही काही छते उभी राहिली.

तेव्हा नवी माती चढवण्याआधी जुनी खरवडून काढा. तुळईचे भिंतीतले टोक आणि खांबाचा पाया टोचून पाहा; वाळवी तिथेच लागते. ढासळलेली भिंत पुन्हा रचताना आरपार दगड घालायला गवंड्याला बजावा. मातीच्या वा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. ओल आत कोंडते आणि भिंत आतून सुटते.

आणि गढीच्या पायथ्याची पांढरी माती गाडीत भरून नेणे थांबवा. पाया उकरला की बुरूज पावसाळ्यात खाली येतो, आणि त्याच्या सावलीला आपलीच गुरे बांधलेली असतात.