कणगी एक, तोंडं दोन हवीत

कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ २००९ साली स्थापन झालं आणि पुढे आपल्या कडगंचीत वसलं. आता प्रवेशाचे दिवस आले की आळंद, उमरगा, बसवकल्याण या पट्ट्यातल्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. कोणी मराठीत विचारतं, कोणी कन्नडमध्ये: ‘पोरीला छोटा कॉम्प्युटर घ्यायचाय, ग्राफिक्स कार्ड वेगळं लागतं का हो?’ पैसा तुरीचा असतो. तेव्हा उत्तर नीट द्यायला हवं.

मंडळी, प्रोसेसर म्हणजे घरचा कर्ता. हिशेब, बाजार, पाहुणेरावळे अशी नाना तऱ्हेची कामं तो भराभर उरकतो. ग्राफिक्स चिप म्हणजे रानात एकेक ओळ धरून बसलेल्या शंभर बायका. काम एकच, पण सगळ्यांचं एकाच वेळी चाललेलं. पडद्यावरचे लाखो ठिपके रंगवायला हीच रीत लागते.

पूर्वी दोघांच्या चुली वेगळ्या असत. एएमडी कंपनीने २००६ साली ग्राफिक्सवाली एटीआय विकत घेतली, तेव्हा दोघांना एकत्र नांदवण्याचा बेत होताच. इंटेलने जानेवारी २०१० मध्ये आपल्या कोअर प्रोसेसरच्या पॅकेजमध्ये ग्राफिक्सची दुसरी चकती शेजारी बसवली. वर्षभराने, जानेवारी २०११ मध्ये, दोन्ही कंपन्यांनी एकाच चकतीवर दोघांचा संसार मांडला. २०१८ साली तर नवलाची सोयरीक जुळली: प्रोसेसर इंटेलचा, ग्राफिक्स तिच्या प्रतिस्पर्धी एएमडीचं, पॅकेज एक! गुरुचरित्राच्या पोथीएवढ्या डब्यात तो संगणक मावला. पण २०१९ मध्येच इंटेलने ती जोडी बंद करत असल्याचं जाहीर केलं. आपापल्या घरच्या जोड्या मात्र दोन्ही कंपन्यांकडे आजही मिळतात.

आपल्याकडे याचा मोठा फायदा विजेचा. वेगळं कार्ड जोराने काम करू लागलं की एकटंच पाऊणशे वॉट किंवा त्याहून जास्त खातं. छोट्या संगणकातली जोडचिप बहुधा १५ ते ६५ वॉटांत दोघांचं भागवते. वीज गेली तर यूपीएस जास्त वेळ टिकतो आणि अर्धा लिहिलेला प्रकल्प वाचतो.

आता खरी मेख ऐका. एकत्र कुटुंबात कणगीही एकच असते. इथे ती कणगी म्हणजे रॅम. वेगळ्या कार्डाला स्वतःची मेमरी असते. जोडचिपेतल्या शंभर बायका मात्र कर्त्याच्याच कणगीतून बियाणं घेतात. तोंड एकच असेल तर त्या हात बांधून बसतात. डीडीआर४-३२०० जातीची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती पुरवते, दोन पट्ट्या ५१.२. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. टायपिंगला फरक जाणवणार नाही. खेळ आणि चित्रकाम यांत लगेच जाणवेल. काही छोट्या संगणकांत रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती मागाहून वाढवता येत नाही.

मग वेगळं कार्ड कोणाला? त्रिमितीतलं मोठं डिझाइन, व्हिडिओचं धंदेवाईक संकलन किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेलं घरीच घडवायची असतील, त्यांना. बी.ए., बी.कॉम.ला, साध्या प्रोग्रॅमिंगला आणि ऑनलाइन तासांना जोडचिप पुरते. उरलेल्या पैशात चांगला पडदा घ्या. डोळे पोरीचेच आहेत.

कॉम्प्युटर जुळवून घेत असाल तर आणखी एक पाहा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या क्रमांकाअखेर ‘एफ’ असेल, तर त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त पडतो, पण वर कार्ड घ्यावंच लागतं. आणि दुकानात ‘रॅम एष्टु?’ एवढ्यावर थांबू नका. ‘एरडु अदावेनु?’ हेही विचारा, आणि बिलावर तसं लिहून घ्या.