यंत्राचा डोळा आणि श्रमिकाचा हात

यंत्रमानवाला दृष्टी देण्याचे शास्त्र हा प्रयोगशाळेतला विषय आहे, कामगार चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, अशी समजूत सुशिक्षित वर्तुळांत आढळते. ती इतिहासाला धरून नाही. हालचाल मोजून तिच्यावर हुकमत चालवण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधी कारखान्यात रुजली होती.

फ्रेडरिक टेलरचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११ साली निघाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्यात ओतकाम करणाऱ्या कामगारांनी स्टॉपवॉचच्या मोजणीविरुद्ध काम बंद केले. अमेरिकी काँग्रेसने चौकशी केली आणि १९१५ मध्ये अशा मोजणीसाठी सरकारी पैसा खर्च करण्यास मनाई झाली. तथापि खाजगी कारखान्यांत ती चालूच राहिली. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने तर कामगाराच्या हाताला छोटे दिवे बांधून त्याच्या हालचालीचा मार्ग छायाचित्रात प्रकाशरेषेच्या रूपाने टिपला.

वॉटरटाऊनपासून काही मैलांवरच्या एमआयटीत पुढे हॉर्न आणि शंक या संशोधकांनी चलत्चित्रातून गती काढण्याची गणिती रीत १९८१ मध्ये मांडली. त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुकास व कानाडे यांनी दुसरी रीत दिली. लागोपाठ टिपलेल्या दोन चित्रांत उजेडाचा एखादा ठिपका किती आणि कोणत्या दिशेला सरकला, हे शोधायचे. पण एकाच ठिपक्याकडे पाहिले तर समीकरण एक आणि अज्ञाते दोन. म्हणून शेजारचे ठिपके जवळजवळ एकसारखेच सरकतात, असे गृहीत धरावे लागते. अडथळा चुकवणाऱ्या किंवा सरकत्या पट्ट्यावरची वस्तू उचलणाऱ्या यंत्रमानवाला अशी गणिते उपयोगी पडतात. कार्नेगी मेलनमधूनच २०१७ मध्ये साध्या चित्रातून अनेक माणसांचे सांधे एकाच वेळी ओळखणारी पद्धत पुढे आली. गिलब्रेथचे दिवे आता बांधावे लागत नाहीत; कोपऱ्यातला कॅमेरा पुरतो.

या विद्येला विरोध करणे हा समाजवाद्यांचा मार्ग नव्हे. मैलागटारात माणूस उतरवण्यापेक्षा तेथे यंत्राचा डोळा उतरावा, हे कोण नाकारील? केरळात तिरुवनंतपुरम येथे २०१८ मध्ये कॅमेरे बसवलेला सफाईचा यंत्रमानव कामाला लागला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरवण्यास बंदी घातली असूनही या देशात सफाई कामगार गुदमरून मरत आहेत. विद्या हाताशी आहे, कायदाही आहे. पण तेथे नफा नाही, आणि मरणाऱ्याची जात व्यवस्थेला अस्वस्थ करीत नाही. गोदामात आणि कारखान्यात मात्र नफा आहे. म्हणून भांडवल हा डोळा कामगाराच्या हातावर रोखू पाहते.

एकट्या ठिपक्याची गती ठरत नाही, हे गणित शिकवते. व्यवस्थापन मात्र एकेका कामगाराची गती त्याच्या परिस्थितीपासून तोडून मोजते. त्याचे वय, शेडमधला उकाडा, पाठीचे दुखणे, यांतले काहीही त्या आकड्यात उतरत नाही. आकडा यंत्राने दिला म्हणून तो निःपक्षपाती ठरतो, आणि वेग किती असावा हा मुळात वाटाघाटीचा प्रश्न तांत्रिक म्हणून निकालात निघतो.

कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये झालेल्या कायद्याने मोठ्या गोदामांच्या मालकांवर कामाचा कोटा लेखी कळवण्याचे बंधन घातले. जेवणाच्या सुट्टीवर वा शौचास जाण्यावर गदा आणणारा कोटा बेकायदा ठरवला. हे पाऊल लहान आहे, परंतु दिशा योग्य आहे. आपल्याकडील संघटनांनी निदान एवढी मागणी लावून धरावी: कॅमेरा बसवण्यापूर्वी युनियनशी करार व्हावा, हालचालीची नोंद कामगाराला पाहता यावी, आणि केवळ यंत्राच्या मोजमापावर कोणाचीही मजुरी कापली जाऊ नये वा नोकरी जाऊ नये.

वॉटरटाऊनच्या ओतारी कामगारांना मागे उभा राहिलेला घड्याळवाला निदान दिसत होता. आजचा कॅमेरा छतावर आहे आणि आकडे कोठेतरी दूर साठतात. म्हणूनच एकजूट तेव्हापेक्षा आज अधिक निकडीची आहे.