किनाऱ्यावरचा साक्षीदार

दिव्यात राहणाऱ्या माणसाने दीपस्तंभांवर लिहावं हा निव्वळ योगायोग समजा. समुद्र आमच्यापासून तसा लांबच, इथे आहेत ते खाडी आणि रूळ. पण 'आपण नक्की कुठे आहोत' हा प्रश्न आम्हालाही पडतोच. इमारतींच्या दाटीत फोनवरचा ठिपका भरकटला की पूर्वेचा माणूस पश्चिमेला दिसतो, आणि मधले रूळ ओलांडणं म्हणजे काय, हे दिवेकरांना सांगायला नको. खडकाजवळून जाणाऱ्या जहाजाला अशीच चूक भोवते.

जीपीएसचं चुकणं एकेकाळी मुद्दाम घडवलेलं होतं. अमेरिकी लष्कर नागरी संदेशात गडबड मिसळायचं, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. त्यावर निघालेला उपाय म्हणजे डीजीपीएस. युक्ती अगदी साधी आहे. किनाऱ्यावर एक रिसीव्हर ठेवायचा, ज्याची जागा मोजणी करून आधीच पक्की ठाऊक आहे. प्रत्येक उपग्रहाचं अंतर खरं किती आणि संदेशावरून किती येतंय, यातला फरक तो काढतो आणि रेडिओवरून जहाजांना कळवतो. घड्याळाची, कक्षेची, वातावरणाची चूक आसपासच्या सगळ्यांना जवळपास सारखीच असते, म्हणून जहाजाने तो फरक वजा केला की जागा काही मीटरांत सापडते. केंद्रापासून लांब जाल तसा गुण कमी होतो. आपल्याकडे दीपस्तंभ व दीपपोत महासंचालनालयाने किनाऱ्यावर अशी केंद्रं उभारली.

२ मे २००० रोजी अमेरिकेने ती मुद्दामची गडबड बंद केली. पुढे रिसीव्हर सुधारले, आपलं 'गगन' आलं. अमेरिकेने आपली डीजीपीएस केंद्रं २०२० साली बंद केली, ब्रिटनने २०२२ साली. मग आपणही का ठेवावीत?

माझं मत: ठेवावीत. नुसत्या अचूकतेसाठी म्हणाल तर आता त्यांची तेवढी गरज नाही, हे मान्य. पण भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, इथलं आयनांबर जास्त चंचल. शिवाय एखादा उपग्रह चुकीचं सांगू लागला तर काही सेकंदांत 'याच्यावर विश्वास ठेवू नका' असं हे केंद्र ओरडून सांगतं. अचूक आकडा देणारे पुष्कळ आहेत, तो तपासणारा शेजारी असलेला बरा.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. कुणी जीपीएसचा संदेशच दाबून टाकला तर डीजीपीएसही हतबल, कारण दुरुस्ती करायला मुळात काहीतरी हाती यावं लागतं. आखाती आणि बाल्टिक समुद्रात असे प्रकार घडले आहेत. तेव्हा उपयोगी पडतात ते रडार, नकाशा आणि डोळ्यांना दिसणारा दिवा. म्हणून दीपस्तंभ 'जुने झाले' म्हणून विझवू नयेत, असंही मला वाटतं.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला मच्छीमार नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. चांगलंच आहे. पण जितके जास्त लोक पडद्यावरच्या आकड्यावर जीव टाकणार, तितकी तो आकडा तपासणाऱ्याची जबाबदारी मोठी. त्या तपासणीचा खर्च वाचवण्यात शहाणपण नाही.

असो. आपल्यापैकी कुणी बोटीवर नोकरी केली असेल तर त्यांचं मत जरूर कळवावं.