विश्लेषण : परदेशी विद्यार्थी – ओझे की निर्यात?

ऑस्ट्रेलियाने परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येला वेसण घातली आहे. या विद्यार्थ्यांकडे केवळ स्थलांतरित म्हणून पाहिल्यास व्यापाराचा हिशेब कसा चुकतो?

विद्यार्थी देशात येतो, मग निर्यात कशी?

लोहखनिज जहाजात भरून बाहेर जाते. शिक्षणाच्या बाबतीत ग्राहकच देशात येतो. पुण्याचा विद्यार्थी मेलबर्नमध्ये शुल्क, घरभाडे, किराणा यांवर घरून आणलेला पैसा खर्च करतो, तेव्हा ऑस्ट्रेलियाला परकीय चलन मिळते. म्हणून त्याची नोंद सेवा-निर्यातीत होते. २०२३-२४ मध्ये ही निर्यात सुमारे ५१ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची होती. त्या वर्षी लोहखनिज, कोळसा आणि नैसर्गिक वायूनंतर तिचाच क्रमांक लागत होता. अर्थात, हा आकडा काहीसा फुगलेला आहे. शिक्षण सुरू असताना विद्यार्थ्यांना पंधरवड्यात ४८ तास काम करता येते. तिथेच कमावून तिथेच खर्चलेला पैसाही त्यात धरला जातो.

पदवीनंतर काय उरते?

खरा लाभ पुढे असतो आणि तो कोणत्याही एका रकान्यात दिसत नाही. परक्या बाजारात माल विकताना विश्वासू पुरवठादार कोण, कायदे कोणते, ग्राहकाला काय रुचते, हे शोधण्यातच बराच खर्च होतो. दोन्ही देश जाणणारा पदवीधर तो खर्च कमी करतो. १९५०च्या दशकापासून कोलंबो योजनेतून आशियाई विद्यार्थी ऑस्ट्रेलियात शिकले. त्यांतील एक, बोएदिओनो, पुढे इंडोनेशियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. कॅनबेरात शिकलेल्या मारी पंगेस्तू तर इंडोनेशियाच्या व्यापारमंत्री होत्या. केवळ ओळखींवर करार होत नाहीत, पण चर्चेची सुरुवात सोपी होते.

मग निर्बंध कशासाठी?

महागलेली घरे आणि वाढते स्थलांतर हे तिथले तापलेले राजकीय मुद्दे आहेत. संख्येवर मर्यादा घालणारे विधेयक २०२४ मध्ये अडले. तरीही २०२५ साठी २ लाख ७० हजार नव्या प्रवेशांचे उद्दिष्ट ठरवून व्हिसाची गती त्यानुसार राखली गेली. व्हिसा शुल्क ७१० वरून १६००, पुढे २००० डॉलर झाले. अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाही.

यात चूक काय?

घरटंचाईची तक्रार खोटी नाही. मात्र घरे न बांधण्याचे अपयश विद्यार्थ्यांच्या माथी मारणे सोपे, म्हणून ते मारले जाते. खनिजाची मागणी घटली तर ती पुन्हा वाढू शकते. दुसऱ्या देशात शिकायला गेलेली पिढी मात्र तिथलीच नाती जोडते. भारताशी २०२२ मध्ये व्यापार करार करताना शिक्षणानंतरच्या कामाच्या व्हिसाची हमी ऑस्ट्रेलियानेच दिली होती. एका हाताने दार उघडायचे आणि दुसऱ्या हाताने प्रवेशमूल्य वाढवायचे, यातून बचत थोडी आणि तोटा दीर्घकाळचा आहे. परदेशी विद्यार्थी आकर्षित करू पाहणाऱ्या भारतानेही हे ध्यानात ठेवलेले बरे.