पाणवठ्यावरची शाळा

मार्चमध्ये दोन तारखा लागोपाठ येतात. 17 मार्च ही अनुताई वाघ यांची जयंती आणि 22 मार्च हा जागतिक जल दिन. पाण्याच्या कामात तरुणांनी पुढे यावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी जल दिनाची फेरी आणि प्रतिज्ञा ठरवण्याआधी अनुताईंच्या कामाकडे एकदा नीट पाहावे, अशी आमची विनंती आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई यांनी 1945 मध्ये बोर्डीत ज्या बालशिक्षणाला हात घातला, ते काम 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, ही तक्रार तेव्हाही होतीच. मुले येत नव्हती, कारण ती गुरे राखत होती. मग शिक्षकच साहित्य घेऊन गुरांमागे गेले आणि कुरणशाळा उभी राहिली. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरली, ती अंगणवाडी. मूल जिथे असेल आणि ज्या वेळी मोकळे असेल, तिथे आणि त्या वेळी शाळा गेली.

पाण्याच्या शिक्षणाने अजून हे पाऊल उचललेले नाही. पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या पूर्वपट्ट्यात आणि तलासरीत मार्च लागला की मुली हंडे-कळशा घेऊन विहिरीच्या वाटेला लागतात. मुलगे तर त्याआधीच गेलेले असतात. भाताची झोडणी आटोपली की कोणी वीटभट्टीवर, कोणी उंबरगाव-वापीच्या कारखान्यात, कोणी गुजरातच्या मच्छीमार बोटीवर खलाशी. आणि नेतृत्वाची शिबिरे भरतात बहुधा डिसेंबर-जानेवारीत, महाविद्यालयाच्या सोयीने. ज्यांनी पुढे यायचे, तेच तेव्हा पाड्यावर नसतात.

अशा शिबिरांत राष्ट्रीय सेवा योजनेची मुले सात दिवस राबतात, वनराई बंधारा घालतात; त्यांच्या श्रमांबद्दल आम्हाला आदरच आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती-वाळू भरायची, तोंड सुतळीने शिवायचे, भिंतीच्या विटांसारखे सांधे चुकवत थर रचायचे, फटींत चिकणमाती ठासायची. एवढ्या कामाने ओहोळ अडतो, पण तो वाहता असेल तरच. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मात्र खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर आणि समुद्र हाकेवर, त्यामुळे बहुतेक पाणी लगेच नदी-खाडीला मिळते. दिवाळीनंतर ओहोळ भराभर आटतात. बंधारा घालायचा तर पाऊस ओसरल्यापासून माणसे कामाला बाहेर पडेपर्यंतचे थोडे दिवस हाती असतात, आणि त्यातच भातकापणीही असते. पाड्यावरच्या जाणत्यांना हे पाठ आहे. शिबिराची तारीख त्यांना विचारून ठरवली तर त्याच गोणींमागे कितीतरी अधिक पाणी थांबेल.

मे 2023 मध्ये पालघर तालुक्यातल्या केळव्याच्या चौदा वर्षांच्या मुलाने आईची पायपीट पाहवेना म्हणून अंगणात विहीर खोदली आणि तिला पाणी लागले. त्याचे कौतुक देशभर झाले आणि ते रास्तच होते. आम्हाला त्या मुलाचा अभिमान वाटतो. तरीही चौदा वर्षांच्या पोराला पहार हाती घ्यावी लागली, ही गोष्ट मोठ्यांच्या मनाला लागायला हवी. शिवाय केळवे किनाऱ्यालगत आहे, तिथे पाणी वर लागते. तलासरीच्या कातळात नुसत्या जिद्दीने पाणी लागेलच असे नाही. तिथे खडक कुठे फुटलेला आहे, झरा कुठून येतो, कोणती विहीर कधी तळ गाठते, हे आधी कळावे लागते.

ते कळण्याची सुरुवात साधी आहे. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडायचा, कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजायचे आणि दर आठवड्याला वहीत तारखेसह लिहायचे. आठवी-नववीची मुलगी हे काम उत्तम करील, कारण विहिरीशी तिच्याइतकी सलगी कोणाचीच नसते. पण वही कपाटात राहिली तर ती फक्त अभ्यास ठरेल. डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या लहान जलसाठ्यांच्या नियोजनात आणि व्यवस्थापनात गावाला हक्क दिला आहे. तेव्हा ती वही ग्रामसभेत वाचली गेली पाहिजे. अठरा वर्षांखालच्यांना मत नसेल, पण माहिती मांडायला मत लागत नाही. वर्गात सूर्या धरण प्रकल्पही शिकवावा. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी तिथून दररोज 403 दशलक्ष लिटर पाण्याची योजना आखली गेली, आणि धरणाच्या परिसरातल्या पाड्यांवर मात्र उन्हाळी हंडा उतरलेला नाही. हा हिशेब ज्या मुलांना मांडता येईल, त्यांना पाणी वाचवण्याच्या घोषणा वेगळ्या पाठ करून घ्याव्या लागणार नाहीत.

होळीला बाहेरगावी गेलेली माणसे पाड्यावर परततात. तरुण, म्हातारे, बायका सगळे एका ठिकाणी असण्याचे असे दिवस फार थोडे. पुढच्या बंधाऱ्याची जागा आणि दिवस तेव्हाच ठरवावेत. जल दिनापासून मोजणी सुरू केली तर 1 मेच्या ग्रामसभेपर्यंत प्रत्येक विहिरीच्या पाच-सहा नोंदी हातात असतील. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आत्ताच घालून ठेवावा, आणि नोंदी ज्या मुलीने केल्या तिलाच वाचू द्याव्यात.