विश्लेषण : खाडीचा तास कोणत्या तिथीला? शाळकरी मुलांना ठाणे खाडी शिकवताना घोडं अडतं कुठे?

ऐरोली, वाशी, नेरुळ, भांडुप, विक्रोळी... या भागांतल्या कितीतरी शाळांपासून ठाणे खाडी रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातलं हे तिसरं रामसर स्थळ. तरीही शाळेची आणि खाडीची गाठ सहसा पडते ती एखाद्या सहलीपुरती किंवा ‘खारफुटीचे फायदे लिहा’ या प्रश्नापुरती. असं का होतं? निधी, परवानग्या, बस ही नेहमीची कारणं आहेतच. पण त्याआधी एक कारण आहे ज्याची फारशी चर्चा होत नाही. ते म्हणजे वेळापत्रक.

नियम काय सांगतात?

पर्यावरण शिक्षण सक्तीचं असावं, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात १९९१ मध्ये सांगितलं आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीबद्दल पुन्हा बजावलं. राज्यात तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहे, सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा आख्खा धडा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीदरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळेची तरतूद आहे. म्हणजे कागदावर काहीही कमी नाही.

खाडी आणि शाळेचं वेळापत्रक का जुळत नाही?

शाळेची घंटा रोज एकाच वेळी वाजते. भरती मात्र रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, कारण ती चंद्रावर चालते. कोळीवाड्यांमध्ये यासाठी तोंडी गणित आहे : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता भरती. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडं उशिरा पोहोचतं, पण अंदाजासाठी हे गणित पक्कं आहे. (पावसाळ्यात ‘मोठी भरती किती वाजता’ हे आपण मोबाइलवर शोधतो ते सखल भागात पाणी साचेल या भीतीने. एरवी ते कुणी बघत नाही.)

आता हे गणित शाळेच्या तासांवर ठेवून बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी सर्वात वर चढतं आणि सर्वात खालीही जातं, म्हणजे चिखलाचा पट्टा सर्वात मोठा उघडा पडतो. पण मुंबई परिसरात या दिवसांत भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. ओहोटी पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे. शाळा भरलेली असताना खाडी काठोकाठ, आणि खाडी उघडी पडते तेव्हा शाळा बंद. उलट अष्टमीला ओहोटी नेमकी दुपारी बाराला असते, पण ती भांगाची. पाणी फार मागे हटत नाही, उघडा पट्टा लहान असतो.

त्यामुळे ‘गुरुवारी अकरा वाजता खाडीभेट’ असं पंचांग न बघता ठरवलं की मुलांना बऱ्याचदा पाणी दिसतं आणि लांबवर काही ठिपके. चतुर्थी-पंचमीला ओहोटी सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास असते आणि चिखलही बऱ्यापैकी उघडा पडतो. सकाळच्या शाळेसाठी हे दिवस महिन्यातून दोनदा येतात, एकदा शुक्ल पक्षात आणि एकदा कृष्ण पक्षात. ही निवड करायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

मग दुपारी बाराला पक्षी जातात कुठे?

इथे गोष्ट रंजक होते. उधाणाच्या भरतीत चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगोंना उभं राहायला उथळ जागा लागते. मग थवे उडतात आणि नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर उतरतात. एनआरआय वसाहतीमागची पाणथळ, टीएस चाणक्य परिसर आणि शेजारच्या शाळेच्या नावावरून ओळखला जाणारा सुमारे ३० एकरांचा डीपीएस तलाव. म्हणजे उधाणाच्या दिवशी दुपारी बाराला खाडीवर वर्ग भरत नसला, तरी तलावाच्या काठावर भरतो. तोही रस्त्यावरून, चिखलात पाय न घालता आणि बोटीचं तिकीट न काढता. नोव्हेंबर ते मे या हंगामात शाळेच्या वेळेशी जुळणारी फ्लेमिंगो बघायची याहून सोपी जागा या परिसरात शोधून सापडणार नाही.

आणि नेमक्या याच जागा अडचणीत आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात येणारं भरतीचं पाणी अडल्याने तो कोरडा पडत गेला. आसपास मृत आणि जखमी फ्लेमिंगो सापडले, रहिवासी रस्त्यावर उतरले. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव करण्यास मंजुरी दिली. शेजारच्या पाणथळींवरचा बांधकामाचा वाद मात्र अनेक वर्षं न्यायालयात फिरतो आहे.

खाडी रामसर स्थळ झाली की पक्षी सुरक्षित, असा समज आहे. पण ज्या पाणथळींवर ते दिवसातून दोनदा भरती काढतात, त्यातल्या काही अभयारण्याच्या रेषेबाहेर आहेत. ही रेषा भरतीला कळत नाही. सातवीतल्या मुलाला भरती-ओहोटी नीट समजली, तर तलाव गेल्यावर खाडीचं काय होईल हे वेगळं सांगावं लागणार नाही. मला विचाराल तर खाडी शिकवण्याचं खरं मोल इथे आहे.

प्रश्न विमानांशीही जोडलेला आहे. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या आकाशात विमानाची धडक बसून किमान ३९ फ्लेमिंगो मेले. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. या पाणथळी नाहीशा झाल्या तर भरतीच्या वेळी उठलेले थवे दुसरी जागा शोधत विमानतळाकडे सरकतील, असा इशारा पर्यावरण कार्यकर्ते देत आहेत.

फक्त फ्लेमिंगो दाखवून भागेल का?

नाही. फ्लेमिंगो गुलाबी आहे, फोटोत छान येतो, म्हणून पोस्टरवर तोच. पण तो पाहुणा. चिखलात वर्षभर राहतात त्या निवट्या, पाण्याबाहेर उड्या मारत चालणारे मासे. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले छोटे खेकडे राहतात. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात, कारण खालच्या गाळात हवा नसते. हे सगळं बघायला महागडी दुर्बीण लागत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात खारफुटीतून जाणारी लाकडी पायवाट आहे. तिच्यावर दहा मिनिटं गप्प उभं राहिलं तरी पुरे. साठ मुलांना दहा मिनिटं गप्प उभं करणं ही वेगळी परीक्षा.

दिवाळे, सारसोळे, वाशीगाव इथल्या कोळी घरांतल्या मुलांना यातलं बरंच आधीच ठाऊक असतं. निवट्या कुठल्या भोकात असतात, चिंबोरी कशी धरायची, तिथीवरून पाणी कधी चढेल हे घरी ऐकलेलं असतं. वर्गात या माहितीला गुण नसतात. पाऊणपटीचं गणित फळ्यावर मांडायला अशाच एखाद्या मुलाला उभं केलं, तर त्या तासाला शिक्षकही काहीतरी शिकतील.

आणि एक अवघड प्रश्न वर्गात येणारच. लहान फ्लेमिंगो पाण्यातलं सूक्ष्म शैवाल गाळून खातो आणि त्यातल्याच रंगद्रव्यांमुळे गुलाबी होतो. ठाणे खाडीत हे शैवाल वाढण्यामागे शहराच्या सांडपाण्यातून येणारी पोषकद्रव्यं हे एक कारण असल्याचं पक्षी अभ्यासक मानतात. मग ‘सांडपाणी चांगलं का?’ असं कुणी विचारलं तर? तेच सांडपाणी पाण्यातला प्राणवायू कमी करतं आणि मासळीच्या मुळावर येतं. त्याच खाडीत कोळ्याचं जाळं रिकामं आणि पक्ष्याचं पोट भरलेलं असू शकतं. ‘प्रदूषण वाईट, पक्षी चांगले’ या साच्यात हे बसत नाही, म्हणून धड्यात येत नाही. खरं तर आठवीच्या वर्गात तासभर वाद घालायला यापेक्षा चांगला विषय नाही.

शिक्षकाच्या हातात काय आहे?

एका मोठ्या सहलीपेक्षा एकाच जागी वर्षातून तीन भेटी. पावसाळ्यानंतर एक, जानेवारीत एक, एप्रिलमध्ये एक. प्रत्येक वेळी वहीत चार नोंदी : तिथी, भरतीची गणिताने काढलेली वेळ, पाणी प्रत्यक्षात कुठल्या खुणेपर्यंत आहे आणि समोरच्या ठरलेल्या पट्ट्यात पक्षी किती. थवा मोठा असेल तर आधी शंभर पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते बघायचं आणि तसे किती तुकडे मावतात ते मोजायचं. पक्षीगणनेतही याच पद्धतीने अंदाज बांधला जातो. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. दुसरी भेट तिच्या सुमारास ठेवली तर मुलांना आपल्या आकड्याची तुलना करता येईल.

चिखलात मुलांना उतरवू नये. गाळ खोल असतो, त्यात कालवांच्या धारदार कडा आणि फुटक्या बाटल्या असतात. अभयारण्यात जायचं तर वन विभागाची परवानगी लागते. तलावाच्या काठावरून बघायला यातलं काही लागत नाही, हे पालकसभेत आधीच सांगितलेलं बरं. पहिल्या भेटीसाठी दिवाळीच्या सुट्टीनंतरची पहिली चतुर्थी किंवा पंचमी बघावी, सकाळी नऊला. दुपारची शाळा असेल तर अमावस्या किंवा पौर्णिमा, वेळ बारा, जागा नेरुळ.